धुराचा ताप

अप्पाराव : नऊशे झाले, दर्शू! बघतेयस ना तू? नऊशे!

प्रियदर्शिनी : बघतेय, अप्पा. तुम्ही काट्याकडे नका बघू, रस्त्याकडे बघा. अनंतगिरीचा घाट अजून लागायचाय.

अप्पाराव : घाट लागायच्या आधीच नऊशे, मग वर काय होईल? नामदेवदादा म्हणतात ते काही उगाच नाही. परवा तुझ्या शेजारी बसून आले, तर घरी येऊन आधी तांब्याभर पाणी प्यायले.

प्रियदर्शिनी : काका जिना चढून आले तरी तांब्याभर पाणी पितात.

अप्पाराव : थट्टा नको. ते चार ठिकाणी चौकशी करून आलेत. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, साडेसहाशेला वितळतो. आणि तुझा हा काटा...

प्रियदर्शिनी : हा काटा पिस्टनचा नाही, धुराचा आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय ते सांगतो. कंपनी पाण्याचा काटा देते, पण पाण्याला कळेपर्यंत पिस्टन गेलेला असतो. धुराला आधी कळतं. म्हणून तर अमेरिकेहून मागवला. विकास विचारत होता, ताई, भाऊबीजेला साडी पाठवू का? म्हटलं नक्को, काटा पाठव.

अप्पाराव : मुलीच्या जातीनं भाऊबीजेला काटा मागावा!

प्रियदर्शिनी : मागितला की. धरून बसा, पुढे लॉरी आहे.

अप्पाराव : अगं, हॉर्न दे! मागे सीताफळं आहेत, जपून... अरे देवा.

प्रियदर्शिनी : झालं. गेली मागे. मागच्या साली आठवतंय ना? याच लॉऱ्यांच्या शेपटाला लागून दुसऱ्या गिअरमध्ये रांगत यायचो. दिलसुखनगरच्या मंडीत पोचेपर्यंत लिलाव उठलेला आणि फळ पिकून फुटलेलं. टर्बो बसवल्यापासून एकदा तरी माल परत आलाय?

अप्पाराव : माल नाही आला. बोलणी येतात. चिक्कडपल्लीत मला गाठून विचारतात लोक, सचिवालयातल्या अप्पारावांची पोरगी राणीगंजच्या भंगारात टर्बो धुंडत फिरते, खरंय का?

प्रियदर्शिनी : खरंय म्हणा. जपानी गाडीचा मिळाला. आणि युसुफभाईंच्या गॅरेजात तिनं स्वतःच्या हातांनी बसवला, हेही सांगा. मेकॅनिकलचा डिप्लोमा काय भिंतीवर टांगायला केला होता?

अप्पाराव : बरं. विषय असा आहे, घाटमाथ्यावर टपरीशी दादा त्या तांडूरच्या फरशीवाल्याला घेऊन थांबलेत. त्याला भरलेली गाडी घाट चढताना बघायचीय. बघितली की मी सही करणार. गाडी माझ्या नावावर आहे, आणि दादांना शब्द दिलाय मी.

प्रियदर्शिनी : एक विचारू? काका म्हणतात इंजिन फुटणार, म्हणून गाडी विका. फरशीवाला म्हणतो गाडी घाट झकास चढते, म्हणून घेतो. इंजिन एकच आहे ना? फुटणार आहे हे त्या माणसाला सांगितलंय काकांनी?

अप्पाराव : ...नसेल सांगितलं.

प्रियदर्शिनी : मग?

अप्पाराव : मग काय... अकराशे! दर्शू, अकराशे झाले, पाय काढ!

प्रियदर्शिनी : काढला. गिअर खाली टाकला. आता बघा.

अप्पाराव : उतरतोय. हजार... साडेनऊशे. उतरतोय की!

प्रियदर्शिनी : पंपाचा स्क्रू मी फिरवून ठेवलाय, त्यानं डिझेल जास्त जातं. टर्बो हवा जास्त देतो. हवा पुरली तर ताकद, नाही पुरली तर काळा धूर आणि ताप. पाय कधी काढायचा ते काटा सांगतो. आणि वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही. काटा चारशेच्या खाली येऊ द्यायचा, नाहीतर टर्बोतलं तेल जळतं. इतकंच आहे सगळं.

अप्पाराव : ताप म्हणालीस तू.

प्रियदर्शिनी : गॅरेजात तसंच बोलतात. मी पोचले की युसुफभाई पहिलं विचारतात, बाजी, बुखार देखे क्या आज?

अप्पाराव : थांब, चष्मा लावू दे. काट्याखाली हे बारीक काय लिहिलंय? एफ. हा एफ कशाचा?

प्रियदर्शिनी : फॅरनहाइट.

अप्पाराव : म्हणजे घरात आपण थर्मामीटर लावतो, तो शंभराच्या वरचा ताप?

प्रियदर्शिनी : हौ. अमेरिकेत सगळंच त्यात मोजतात. ऊनही.

अप्पाराव : आणि दादांचे ते साडेसहाशे सेल्सिअसमधले! बातम्यांत हवामान सांगतात ते. मग हे अकराशे म्हणजे... बत्तीस वजा... पाचनं गुणून नवानं... अगं, सहाशेसुद्धा नाहीत!

प्रियदर्शिनी : नाहीत. बाराशेच्या वर मी काटा जाऊच देत नाही.

अप्पाराव : मग दादांना सांगितलं का नाहीस? सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलीस! एका वाक्यात मिटलं असतं.

प्रियदर्शिनी : नसतं मिटलं. हा आकडा समजावला असता तर काकांनी दुसरा काढला असता. माझं वय. ते तर कुठल्याही मापात त्यांना जास्तच भरतं. नाहीतर दिलसुखनगरला कम्प्युटरचा क्लास लावून देतो, हे आहेच. त्यांना काट्याची भीती नाही, अप्पा. स्टीअरिंगवर कोण बसलंय त्याचा राग आहे. त्यासाठी मी कुणाला गणितं सोडवून दाखवणार नाही.

अप्पाराव : मलासुद्धा नाही सांगितलंस.

प्रियदर्शिनी : तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही एकदम सही करतो म्हणालात. मला वाईट वाटलं त्याचं. काकांचं नाही वाटलं.

अप्पाराव : ...लहानपणी तू तापानं फणफणायचीस. तुझी आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायची आणि थर्मामीटर मी बघायचो. एकशे तीनच्या वर पारा गेला की मी डॉक्टरांकडे धावायचो. आणि तू विचारायचीस, अप्पा, खेळायला जाऊ?

प्रियदर्शिनी : तुम्ही जाऊ द्यायचा नाहीत.

अप्पाराव : नाही द्यायचो. ...ऐक, एक सुचतंय मला. शेवटचा चढ राहिलाय. तू हळू घे, अगदी रडतखडत. जरा काळा धूर काढ. फरशीवाला आपणहून नको म्हणेल. मला दादांशी वाईटपणा घ्यायला नको आणि तुझी गाडीही राहील.

प्रियदर्शिनी : नक्को.

अप्पाराव : अगं, तुझ्याच भल्याचं...

प्रियदर्शिनी : माझ्या हातानं ही गाडी रडत चढणार नाही. विकायची तर विका, सही तुमची आहे. पण आज ती अशी देखणी चढेल की काकांचा चहा कपातच राहील. तुमचा वाईटपणा टळावा म्हणून माझ्या इंजिनाला मी खोटं पाडणार नाही.

अप्पाराव : तू अगदी... साडेअकराशे, दर्शू.

प्रियदर्शिनी : वाचत राहा. मी रस्ता बघते.

अप्पाराव : अकराशे साठ. अकराशे ऐंशी. अकराशे नव्वद... पाय!

प्रियदर्शिनी : काढला.

अप्पाराव : उतरतोय. अकराशे नव्वद. आणि मागे... मागे धूर नाहीच गं.

प्रियदर्शिनी : हवा पुरतेय तिला.

[घाटमाथ्यावरची चहाची टपरी. गाडी थांबते. इंजिन चालूच आहे.]

नामदेवराव : वा! बघितलं ना शेटजी, कशी हरणासारखी आली! अप्पा, उतर खाली. कागद तयार आहेत, शेटजींना तांडूर गाठायचंय. आणि ए पोरी, ते इंजिन बंद कर आधी. डोकं उठलं.

अप्पाराव : बंद नाही करायचं, दादा. ताप उतरू द्यायचा असतो.

नामदेवराव : ताप? कुणाला ताप आलाय?

अप्पाराव : या काट्यावर चारशेच्या खाली यावं लागतं.

नामदेवराव : चारशे? अरे, मी याच काट्यावर नऊशे बघितलेत! फुटेल म्हणून तर...

अप्पाराव : फुटेल हे शेटजींना सांगितलंत?

नामदेवराव : हळू बोल की! ऐकतोय तो.

अप्पाराव : ऐकू द्या. फुटत नाही. तो काटा थर्मामीटरच्या मापाचा आहे, तुम्ही उगाच घाबरलात, आणि तुमच्यामागं मीही. पण मी सही करत नाहीये ते त्यासाठी नाही.

नामदेवराव : करत नाहीये? अप्पा, शब्द दिलायस तू मला!

अप्पाराव : दिला होता. मोडतोय. तुम्ही रागवा, मला चालेल.

नामदेवराव : कमाल झाली! पोरगी जन्मभर सीताफळं वाहणार आणि तू शेजारी बसून बघणार?

अप्पाराव : काटा वाचून दाखवीन. जमतं मला ते.

नामदेवराव : आणि आम्ही इथं उभं राहायचं? किती वेळ चालू ठेवायचंय हे?

अप्पाराव : मला नका विचारू, दादा. चालवते ती.