नवऱ्याच्या वाटणीची तपासणी

शिरूरच्या दवाखान्यात एचआयव्ही तपासणीच्या खोलीबाहेर सुषमा नंबरची वाट बघत होती. मागच्या बाकावर दौंडकडच्या राहू गावाहून आलेल्या सासू-सुना बोलत होत्या.

"आत्या, दौंड सोडून एवढ्या लांब कशाला आलो?"

"तिथं समदी वळखीची हायेत. येष्ट्या बदलून जीव दमला माझा, आता गप बस."

"ट्रकवर तर हे असत्यात. मग तपासणी माझी का?"

"तुझं रगत चांगलं निघालं म्हंजी त्याचंबी चांगलंच की."

"आन् वाईट निघालं तर?"

"तुला माहेरी धाडायचं म्हनतोय त्यो."

"मग ह्यांच्या गोळ्या कवा चालू व्हायच्या, आत्या?"

सासू नंबर कितीवर आला ते बघायला उठली.

सुषमानं खिडकीतून बाहेर पाहिलं. गेटापाशी तिचा नवरा तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवर बसला होता. गाडी चालूच होती.