विहिरीची पाळी कुणाच्या विषयात?

पीएच.डी.चं नाव काढलंत म्हणून सांगतो, माझा राग अजून उतरलेला नाही. केंदूरच्या आमच्या विहिरीवर चौघे भाऊ पाण्याच्या पाळ्या लावतात. त्यात न्याय कशाला म्हणायचं, हा माझ्या पुतणीचा, सुनीताचा विषय. फॉर्मवर गाइडची सही घ्यायचा शेवटचा दिवस होता, म्हणून मी आणि माझे वडील आप्पा तिच्यासोबत पुण्याला विद्यापीठात गेलो.

तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले, "विहीर आली की ते समाजशास्त्र."

समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "न्याय आला की ते तत्त्वज्ञान."

अर्थशास्त्रवाल्यांनी तर फॉर्म हातातही घेतला नाही.

परत सरांकडे आलो. मी डायरी उघडली. "सर, जूनमध्ये तुम्हीच म्हणाला होता, तत्त्वज्ञानात सगळं बसतं. तारखेसकट लिहिलंय."

"तत्त्वतः बसतं," म्हणत सरांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा आप्पा उठले. "साहेब, आमच्याकडं शेजारी बांध कोरतो आन् म्हणतो, जमीन माझी. तुमच्याकडं एवढं रान मोकळं पडलंय, आन् जो तो म्हणतोय, माझं न्हाई. मग पोरीनं पेरायचं कुठं?"

सही नाहीच झाली. वर सर म्हणाले, "आजोबा, शेतीचं कृषी विद्यापीठात विचारा."