सुईच्या आधी

(नौपाड्यातल्या एका तपासणी केंद्रातला बाक. मंजुळा आणि तिची मुलगी मृणाल.)

मंजुळा : मी नाही म्हटलं ना एकदा. पर्स दे माझी. चालत स्टेशन गाठते नि घरी जाते.

मृणाल : आई, बस खाली. आता तुझाच नंबर लागेल.

मंजुळा : लागू दे नाहीतर नको. तू म्हणालीस सोनोग्राफी कर, केली. आता छातीत सुई घालू देणार नाही. गाठ आपली गप पडलीय, तिला कशाला डिवचायचं?

मृणाल : गप पडलीय हे कोणी सांगितलं तुला?

मंजुळा : दुखत नाही, खुपत नाही, आणखी कोणी सांगायला पाहिजे? तुझ्या पप्पांची पण अशीच होती, गळ्याशी, सुपारीएवढी. तू त्यांना टोचायला नेलंस आणि तिथून ती सुटली. थेट फुप्फुसात. पुढची चौदा एप्रिल बघितली नाही माणसानं.

मृणाल : हेच तू पप्पांच्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांसमोर बोललीस. भन्ते बसलेले, आपल्या मोहने गावातली निम्मी वस्ती बसलेली. म्हणालीस, पोरगी एवढी शिकली आणि बापाला टोचून मारलं.

मंजुळा : दुःखात बोलले गं. तोंडातून गेलं.

मृणाल : मी तेव्हा एक शब्द बोलले नाही.

मंजुळा : मग आज कशाला उकरून काढतेस?

मृणाल : कारण आज तू उठून चाललीस. मी लॅबमध्ये काय करते, सांग बरं.

मंजुळा : पेशी बघतेस. मायक्रोस्कोपमध्ये.

मृणाल : त्या चालतात कशा, ते बघते. इतकी वर्षं तेवढंच करतेय. पेशीला पाय नसतात, तरी ती चालते.

मंजुळा : कोणी धक्का दिल्याशिवाय?

मृणाल : तेच तर सांगतेय. कंपनीची क्वार्टर सोडली तेव्हा आपलं लोखंडी कपाट भिंतीपासून हलेना, आठवतं?

मंजुळा : आठवतं तर! चौघं लावले तरी ढिम्म. मग तुझे पप्पा म्हणाले, रेटू नका, नुसतं डोलवा. डोललं की मागे बोटभर फट पडायची, तेवढ्यात ते फळीचा तुकडा सरकवायचे. मग कपाटाला मागे यायला जागाच नाही.

मृणाल : पेशी तेच करते. तिच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे दाणे असतात, लाखांनी. आणि पेशीचं कातडं सारखं थरथरत असतं. थरथरून जरा पुढे गेलं, आत फट पडली, की एक दाणा तिथे शिरतो आणि मागच्या दाण्याला चिकटतो. कातडं मागे येऊ शकत नाही. परत थरथर, परत दाणा. अशा दाण्यांच्या काड्या होतात, काड्यांना फांद्या फुटतात, आणि सगळ्या मिळून कातडं पुढे रेटतात. मागच्या टोकाचे दाणे सुटतात, ते पुन्हा पुढे कामाला लागतात.

मंजुळा : म्हणजे बाहेरचं काही लागतच नाही.

मृणाल : काही नाही. जखम भरते तेव्हा चांगल्या पेशी पण अशाच चालत येतात. कॅन्सरची पेशी तीच युक्ती वापरते आणि वाट काढत रक्तात शिरते.

मंजुळा : तेव्हा दुखतं?

मृणाल : नाही. माणूस भाजी आणतो, टीव्ही बघतो, रात्री नीट झोपतो.

मंजुळा : आणि सुई लागली की त्या आणखी जोरात पळतात, असं ना?

मृणाल : नाही गं आई. सुई फक्त चिमूटभर काढून आणते, गाठ कसली आहे ते कळायला.

मंजुळा : मग वस्तीतल्या रंगूबाईचा दगडू कसा गेला? धडधाकट माणूस, टोचलं आणि गेला.

मृणाल : टोचायला गेला कधी तो? पाणी गिळता येईना तेव्हा. आपल्याकडे सगळे तेव्हाच जातात. तोवर ते चालत चालत पोचलेलं असतं आणि नाव सुईचं होतं.

मंजुळा : थांब जरा. तुझ्या पप्पांची गाठ... तू नेलंस त्याच्या आधीपासून चालत होती?

मृणाल : आई, आपण आत जाऊया.

मंजुळा : विचारतेय ना मी. पावसाळाभर मी त्यांना वैदूकडे नेत होते. रोज लेप लावत होते ह्या हातांनी. नरम पडली, नरम पडली म्हणत होते. तेव्हा पण चालत होती? बोल की. पुण्यानुमोदनाला गप्प बसलीस तशी बसू नकोस.

मृणाल : हो. तेव्हा पण.

मंजुळा : आधी नेलं असतं तर वाचले असते?

मृणाल : माहीत नाही. खरंच माहीत नाही. कदाचित.

मंजुळा : कदाचित... आणि हे सगळं पोटात ठेवून तू माझ्या हातचं जेवत होतीस. मी आल्यागेल्याला तुझं नाव सांगत होते नि तू ऐकून घेत होतीस.

मृणाल : आज पण सांगितलं नसतं. तू सुईला हो म्हणाली असतीस, तर कधीच नाही.

मंजुळा : मग माझी पण चालू दे. त्यांना मीच अडवलं. आता मला कशाला वाचवतेस?

मृणाल : असलं काही बोलू नकोस. पप्पांच्या वेळी तुला माहीत नव्हतं. तू त्यांना जपतच होतीस. पण आता कळल्यावर उठून गेलीस, तर मी काय करू? मी खरं बोलले म्हणून माझी आई गेली, हे घेऊन मी कुठे जाऊ?

मंजुळा : रडू नकोस. लोक बघतायत.

मृणाल : बघू दे.

मंजुळा : आतून कोणाला हाक मारतायत?

मृणाल : तुलाच. चल, मी येते सोबत.

मंजुळा : नको. पर्स धर माझी, आणि इथेच बस.

मृणाल : आई, एकटी नको जाऊस.

मंजुळा : एकटीच जाते. आत रडले, तर त्यांना वाटेल सुई दुखली.