आत सरकवलेल्या ओळी

बस लांबली की दुसऱ्याच्या घरचं फुकट ऐकायला मिळतं. नायगावच्या थांब्यावर रांगेत माझ्या पुढे भाऊबहीण होते.

"विनीतदादा, नानांनी रचलेली भजनं छापलीस, पण सगळ्या ओळी एका रेषेत कशा?"

"छापायला छोटा प्रोग्राम लिहिला, मजकूर त्याच्या कोडमध्येच होता गं. कोड लिहिताना डावीकडे सोडलेली मोकळी जागाही छापून यायची. म्हणून प्रत्येक ओळीच्या आधीची जागा काढली."

"सगळी?"

"सगळी. सगळ्या ओळींना सारखी होती तेवढीच जागा काढायला हवी होती, हे नंतर कळलं."

"अरे, आत सरकवलेल्या ओळी कोरसच्या. कडेला लागून होत्या त्या नानांनी एकट्याने म्हणायच्या. शेजारी बसून तुझ्याकडून टाइप करून घेतलेलं त्यांनी."

"मला वाटलं, म्हातारपणी उगाच स्पेसबार दाबायला लावतायत."

"मोठा इंजिनियर. जुनी फाइल?"

"तिच्यावरच सेव्ह केलं."

"भजनी मंडळात कोणाला पाठ असतील?"

"नवी भजनं ती. नाना गेले, गायची राहूनच गेली."

"आज तेराव्याला त्यांच्या ओळी आल्या की नुसता पखवाज वाजवायचा, कोणी गायचं नाही, असं ठरलेलं ना?"

"ठरलेलं."

"मग आता?"

"आता सगळेच सगळं म्हणतील, मेघना. गप्प कुठे राहायचं, ते कोणालाच ठाऊक नाही."