हिऱ्याचे दात

...आता तुम्हीच सांगा, ज्या वस्तूचे दात बघता येत नाहीत ती वस्तू शहाण्या माणसानं विकत घ्यावीच का? हे माझं म्हणणं नाही हां, सर्जेरावांचं! आमच्या विंझरचे सर्जेराव. बैलांचे व्यापारी. म्हणजे बैल घ्यायचे, बैल विकायचे, आणि मधल्या वेळात बैलांबद्दल बोलायचं, हा धंदा. तुम्हाला सांगतो, या माणसानं बैलाचा नुसता ओठ वर केला की संपलं! दोनदाती का चारदाती, कुणाच्या गोठ्यात वाढला, मालकानं पेंड घातली का नुसत्याच थापा मारल्या... सगळं सांगणार! नसरापूरच्या बाजारात उभा जन्म गेला, पण सर्जेरावाला फसवला असं म्हणणारा माईचा लाल अजून निघालेला नाही. आणि असल्या माणसाच्या नशिबी काय यावं? हिरा! ज्वारीच्या दाण्याएवढा! त्याला ना शेपूट, ना वशिंड, ना खूर. बघायचं काय त्यात?

झालं असं की त्यांच्या मानसिंगचं लग्न ठरत होतं. मानसिंग भोरला शाळेत मास्तर. मुलगी आंबवड्याची, गीता. आता मास्तर म्हणजे तोंडानं काही बोलणार नाही, पण मुलगी बघून आल्यापासून वर्गात सतराचा पाढा सांगता सांगता मधेच एकवीसच्या पाढ्यात शिरायला लागला, तेव्हा पोरांनी ओळखलं, सगळ्या भोरनं ओळखलं, आणि शेवटी बापानंही ओळखलं. घरदार पसंत, पत्रिका पसंत... आणि मग बोलले मामा. मुलीचे मामा, आनंदराव. मुंबईला एका हिऱ्यांच्या शेठची गाडी चालवायचे. गाडी चालवायचे हो फक्त! पण बोलणं असं, की जणू काही शेठच मागं बसून यांना रस्ता विचारतोय. "पाव्हणं, सोन्यात आता काय राम ऱ्हायला न्हाई. सरकारनं चौदा कॅरटचा कायदा आणला, सोनं ते आता पितळंच! आमच्या मुंबईत साखरपुड्याला हिरा देतात. पोरीला हिऱ्याची अंगठी पाहिजे. आन ती म्या सवता बघणार. काच निघाली तर सुपारी परत!"

सुपारी परत! ऐकलंत? मानसिंगचा चेहरा खडूसारखा झाला. सर्जेराव म्हणाले, "व्हय, आणतो." काय करणार? पोराकडं बघून कसाई सुद्धा हो म्हणाला असता. पण एसटीत बसल्यावर धोंडाबाईंना, म्हणजे आपल्या मंडळींना, म्हणतात, "हो तर म्हनलो, पन हिऱ्याचं दात बघायचं कुठं?"

आणि इथून सुरू झालं. तुम्हाला सांगतो, आपल्या गावात हिरा बघितलेला माणूस एकही नाही, पण हिऱ्यातलं कळणारी माणसं? घरटी दोन! गेनबा म्हणाला, "हिऱ्यानं काच चिरती." झालं! आता हिरा तर घरात नाही, पण काच चिरायची कशी लागते ते बघायला नको? सर्जेरावांनी खिळ्यानं कंदिलाची काच चिरून बघितली. काच फुटली, धोंडाबाईंनी तोंड सोडलं. ठकुबाई म्हणाली, "आवं, खरा हिरा अंधारात समईवाणी जळतो, माज्या आज्जीनं बघितलाय." कुठं बघितलाय? तर म्हणे स्वप्नात! दादू म्हणाला, "त्यावर फुंकर घालायची. वाफ ऱ्हायली तर काच, लगीच उडाली तर हिरा." हे जरा पटलं. मग सर्जेराव आठ दिवस दिसेल त्यावर फुंकर घालत फिरतायत... आरशावर फुंकर, तांब्यावर फुंकर, तलाठ्याच्या चष्म्यावर फुंकर! तलाठी म्हणतो, "अहो, तोंडाला तंबाखूचा वास येतोय!"

आणि सर्जेरावांची स्वतःची रीत कुठली? तर शंका आली की चावून बघायचं. रुपया चावायचा, पेंड चावायची, बियाणं चावायचं. ते म्हणाले, "मग चावून बगू की!" तर गेनबा ओरडला, "खुळं झालासा काय? हिरा पोटात गेला की माणूस मरतो!" आता आली का पंचाईत? ज्याचे दात बघता येत नाहीत, आणि ज्याला दात लावताही येत नाहीत! रात्री जेवताना घास हातात धरून बसायचे. धोंडाबाई म्हणायच्या, "जेवा की." हे म्हणायचे, "जेवतो गं... पन हिऱ्याचं दात बघायचं कुठं?"

भोरच्या सोनाराकडं गेले. सोनार बिचारा कायद्यामुळं माश्या मारत बसलेला. तो म्हणाला, "आबा, खोटं कशाला बोलू, हिरा माझ्या हाताखालनं कधी गेलाच नाही. तुम्ही पुण्याला जा. पण एक ऐका, ज्या दुकानात तुम्हाला प्रश्न विचारू देत नाहीत, तिथनं उठा." एवढं एकच शहाणपणाचं बोलला बघा सगळ्या तालुक्यात!

मग निघाली जोडी पुण्याला. सर्जेराव नवं धोतर, नवं उपरणं, धोंडाबाई बरोबर, कारण त्या म्हणाल्या, "तुमी फुकरा मारत बसाल, म्या येते." पहिलं दुकान असं चकचकीत की चपला कुठं काढाव्यात कळेना. विक्रेता म्हणजे जावई असल्यासारखा रुबाब. सर्जेरावांनी विचारलं, "ह्याची खोड काय?" तो म्हणाला, "आमच्या मालात खोड नसते." सर्जेराव उठले! धोंडाबाई म्हणतात, "अवं, बघा तरी." हे म्हणाले, "ज्याच्या बैलाला एकबी खोड न्हाई, तो बैल चोरीचा असतो. चल."

दुसरं दुकान रविवार पेठेत, बोळातलं. पांढरी गादी, त्यावर एक म्हातारे शेठ, डोळ्यापेक्षा भिंगच जास्त वापरात असावं असे. त्यांनी तीन पुड्या सोडल्या. सर्जेराव बघतच राहिले. "हिरा पुडीत? तंबाकूगत?" शेठ म्हणाले, "हो पाटील, आमच्यात असंच." एक हिरा चांगला थोराड, एक बारीक, एक मधला. दिव्याखाली तिन्ही असे लखलखतायत की धोंडाबाई म्हणाल्या, "मोटा घ्या! मामाच्या डोळ्यात भरंल."

पण सर्जेराव ते सर्जेरावच! बैल कधी गोठ्यात बसलेला घेतलाय का त्यांनी? म्हणाले, "शेट, जरा बाहीर काढून चालवून दावा."

शेठ म्हणाले, "काय दाखवू?"

"आवं, तुमच्या ह्या दिव्यात माजं हातातलं कडंबी चमाकतंय! उनात न्या. चाल बघायची हाय."

तुम्हाला सांगतो, ते शेठ उठले! गादीवरनं उठले, आणि बोळात, सायकलींच्या गर्दीत, तिन्ही पुड्या तळहातावर घेऊन उन्हात उभे राहिले. आणि काय बघतात सर्जेराव? थोराड हिरा उन्हात एकदम मंद! पिवळट, ताकात पडलेल्या खड्यासारखा. अंगानं मोठा, चालीला काही नाही. आणि मधला... तो तर हात हलवला की नाचतोय! सर्जेराव खूश. "मोटा म्हाग आसंल, व्हय ना?" शेठ म्हणाले, "खूप. लोक आकाराला पैसे देतात, पाटील." सर्जेराव म्हणाले, "आमच्यातबी देत्यात. शिंगं बघून घेत्यात आन नांगराला जुपल्यावर रडत्यात."

आता मधला. "ह्याची खोड?" सर्जेरावांनी विचारलं, आणि श्वास धरला. कारण हे म्हातारं 'खोड नाही' म्हणालं तर परत उठावं लागणार, आणि पाय तर दुखत होते! पण शेठनी भिंग पुढं केलं. "आहे. एक ठिपका आहे. एका अंगाला. बघा."

सर्जेरावांनी आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला, आणि भिंगावर वाकले. काय दिसलं असेल हो त्या माणसाला? जन्मभर बैलांच्या तोंडात बघितलेलं, तिथं काय, गवत आणि लाळ. आणि इथं? थिजलेलं पाणी, त्यात उजेडाच्या पायऱ्याच पायऱ्या, खाली खाली उतरत गेलेल्या, आणि एका पायरीवर, तिळाहून बारीक, एक काळा ठिपका, आपला एकटा बसलेला! किती वेळ गेला कळेना. धोंडाबाई म्हणाल्या, "अवं, आत काय जत्रा भरलीया का?"

"व्हय," सर्जेराव म्हणाले. भिंग सोडवेना त्यांना. "शेट, ह्यो ठिपका कवाधरनं हाय?"

"जमिनीत होता तेव्हापासून. जन्माचा. काच कशी, स्वच्छ ओतून काढता येते. जमिनीतून आलेल्याच्या अंगावर काहीतरी जमिनीचं राहतंच. याच्यामुळंच तो तुम्हाला परवडेल. आणि काळजी करू नका, हिरा धरून ठेवतं त्या कोंदणाच्या नखाखाली झाकून टाकतो, कुणाला दिसायचा नाही."

सर्जेराव गादीवर जवळजवळ उडालेच! "झाकायचा न्हाई! शेट, झाकायचा न्हाई! धोंडे, घावला! हिऱ्याचा दात घावला!"

मग सौदा. सवयीनं सर्जेरावांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि हातावर टाकलं. बाजारात बैलाचा भाव कधी तोंडानं बोलत नाहीत ना, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, अरे, हे पुणं! लाजले. उपरणं काढायला गेले, तर शेठनी हळूच आपला हात आत सरकवला आणि हसले. म्हणाले, "आमच्या बाजारातही असंच करतात, पाटील." घ्या! कुठं बैल, कुठं हिरा! मग दोघांचे चेहरे देवासारखे शांत, आणि आत बोटांची झोंबाझोंबी! धोंडाबाई नुसत्या उपरण्याकडं बघतायत. किती ठरलं? ते त्या दोघांना आणि उपरण्याला ठाऊक. उपरणं तर पुढं धुतलंसुद्धा.

आता साखरपुडा. आंबवड्यात मांडव, सगळी पाहुणेमंडळी, आणि मधोमध मामा आनंदराव, खिशात मुंबईहून आणलेलं भिंग! ताट पुढं आलं. मामांनी अंगठी उचलली, फुंकर घातली, वाफ उडाली. सर्जेरावांनी मिशीवर हात फिरवला. मामा म्हणाले, "कितीला घेतली?"

"ते सांगायचं नसतं पाव्हणं. भाव उपरन्याखाली ऱ्हातो."

"म्हंजी लपवन्यासारखंच हाय!"

आता बघा, माणसानं इथं गप्प बसावं की नाही? अंगठी खरी आहे, लग्न ठरतंय, पोरगा समोर जीव मुठीत धरून बसलाय... पण नाही! सर्जेराव म्हणाले, "भाव इचारू नगा. खोड इचारा, ती सांगतो. डाव्या अंगाला काळा ठिपका हाय."

मामांनी भिंग लावलं आणि ओरडले, "डाग! डागी हिरा! आमच्या पोरीला डागी हिरा आणलाय!" बायका कुजबुजायला लागल्या, मुलीच्या आईनं ताट मागं ओढलं. धोंडाबाई नवऱ्याकडं अशा बघतायत की त्यापेक्षा हिरा गिळलेला बरा! आणि मानसिंग... मास्तरांना तर आता बे एके बे सुद्धा आठवत नसावं. सर्जेरावांना आता कळलं. पोराचं लग्न मोडलं, आणि कुणी मोडलं? आपल्या जिभेनं!

तेवढ्यात गीता म्हणाली, "बगू."

सगळ्यांच्या देखत तिनं मामांच्या हातातनं भिंग घेतलं, एक डोळा मिटला, आणि बघत बसली. किती वेळ! सर्जेरावांना वाटलं, हिलाबी जत्रा दिसली वाटतं. मग तिनं डोकं वर केलं.

"आबा, ह्यो ठिपका लपवता आला असता का?"

"आला असता. शेट लपवतोच म्हणत हुता."

"मग का न्हाई लपवला?"

"पोरी, खोड सांगितल्याबिगर म्या आजवर कुनाच्या हातात दावं दिलं न्हाई."

"आसं व्हय?" गीता म्हणाली. "मग अंगठीची सांगितलीत. आता पोराची सांगा."

आई शपथ सांगतो, मांडवाचे खांबसुद्धा पुढं वाकले असतील ऐकायला! सर्जेरावांनी धोंडाबाईंकडं बघितलं, त्या मानेनं नको नको करतायत. पोराकडं बघितलं, त्यानं डोळे मिटलेले. पण शब्द तर तोंडातनं गेला होता. माणूस अडकला की हो स्वतःच्याच दाव्यात! घाम पुसला आणि म्हणाले,

"पोरगं... बैलाला भेतं."

बैलाच्या व्यापाऱ्याचं पोरगं, नाव मानसिंग, आणि बैलाला भितं! इतकी वर्षं बाजारात कुणाला कळू दिलं नव्हतं. शिक्षणाची आवड म्हणून भोरला ठेवलाय, असं सांगायचे. आवड कसली! लहानपणी एक खोंड नुसतं शिंकलं तर हा दुपारपर्यंत आंब्यावरनं खाली उतरला नव्हता. मांडव हसून हसून लोळायला लागला. मामा तर टोपी शोधतायत, हसताना पडली म्हणून.

गीता हसली नाही. म्हणाली, "येवढंच? आमची गाडी मीच जुपते. बैल म्या बगीन." आणि तिनं हात पुढं केला.

अंगठी घातली, पेढे वाटले. धोंडाबाईंच्यानं मात्र राहवेना. त्या मुलीच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "आन पोरी, तुजी खोड काय?"

"दिसली की आत्ता, आत्याबाई. मला इचारल्याबिगर ऱ्हावत न्हाई."

परतीच्या एसटीत धोंडाबाई खुशीत. म्हणाल्या, "काय बी म्हना, सौदा झ्याक केला तुमी."

सर्जेरावांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं आणि आतनं म्हणाले, "म्या कुठला सौदा केला? आगं, आपुन तिघं तर दावणीला हुबं हुतो. दात मोजून घेतलं तिनं!"