अडलं तर दादाला विचारा

साध्या तापानं धडधाकट माणूस जातो कसा? डॉक्टरला विचारलं, भटजीला विचारलं, कुणी सांगितलं नाही.

माझ्या दादानं कापसाच्या पऱ्हाट्या उपटायचा लोखंडी चिमटा तयार केला होता. मागेल त्याला नमुना फुकट. गावोगावचे लोहार तो करायला लागले, तसे विचारणारे वाढले. म्हणून दादानं सेलूच्या आमच्या दुकानाच्या भिंतीवर चिमटा वापरायची सगळी रीत रंगवली. शेवटची ओळ, 'अडलं तर दादाला विचारा.'

दहावा उरकून दुकान उघडलं, तर राणीसावरगावचे एक काका चिमटा घेऊन हजर. माझं भादरलेलं डोकं बघून म्हणाले, "बालाजीला जाऊन आलाव का?"

"न्हाई. काम सांगा."

"पऱ्हाटी मधूनच तुटायलीय. दादाला बोलवा की."

"दादा वारला."

काकांनी भिंतीवरच्या शेवटच्या ओळीकडं बोट केलं. "मग ती ओळ पुसा. लोक उगं भाडं खर्चून यायलेत."

राग आला. चुन्याची बादली उचलली. काकांनी हात धरला, "आधी माझं सांगा, मग पुसा."

शेजारच्या रानात दोघांनी पऱ्हाट्या उपटून बघितल्या. चिमट्याचा जबडा मातीला टेकवला की पऱ्हाटी मुळासकट येत होती. दादाच्या हाताला हे इतकं सवयीचं, की लिहायचं राहूनच गेलेलं.

परत येऊन मी ती ओळ पुसली आणि तिच्या जागी लिहिलं, 'जबडा मातीला टेकवा.'