दिवस मोठे असताना

भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज गं, दुसरं काही नाही — तू विचारलंस, अण्णा कसलं ऐकताय, म्हणून सांगतो. सर्र... सर्र... असा. येवल्याच्या घरात, मी लहान असताना. माझे थोरले बंधू, शामदादा, दिवस कलला की भिंतीला तळवा लावून चालायचे. मातीची भिंत, खरखरीत. आम्ही आत जेवायला बसलेलो असलो की आवाजावरून कळायचं, दादा आले. आई मुकाट्यानं ताट पुढे सरकवायची. इतकी वर्षं झाली, पण कानातून जात नाही — असो. तुझं चालू दे. गिरीश पोचला का अल हिलालला, पोराला आणायला? कैवल्यचा पोहण्याचा क्लास सुटला? — नाही ना अजून? बरं.

हां, तर कुठे होतो आपण — पुलावर. दाखव परत तो फोटो. छानच आहे. दगडी पूल, दोन्ही अंगांना पुतळे, खाली नदी... प्राग म्हणायचं ना? प्राग. चार दिवसांच्या सहलीत एवढं सगळं बसवलंस तू, नाश्तासुद्धा घड्याळ लावून — अगं, फिरायला चाललात की परीक्षेला? हसू नकोस. चांगलं केलंयस. आठवडाभर ह्यातच आहेस, मी बघतो ना. तुझी सासू, गिरीशची आई, असती तर तुझ्या शेजारी बसून तिनं चार फोटो जास्तच पाहिले असते. फक्त एक विचारू? हा पूल तू संध्याकाळी ठेवलायस. किल्लाही दुपारनंतर. आणि जुन्या चौकातला बाजार तर दिवे लागल्यावरच. तूच म्हणालीस, डिसेंबरात तिकडे चारलाच अंधारतं. मग मे महिन्यात गेलात तर? रात्री नऊपर्यंत उजेड असतो म्हणे तिकडे. दिवस मोठे असतात.

माहीत आहे, माहीत आहे — नाताळचा बाजार मे महिन्यात नसतो. चौथी पास असलो तरी तेवढं कळतं मला. दिव्यांसाठीच तर जायचं, हो. पण ते दगडी रस्ते गं, चढउताराचे. आणि तो मनोऱ्याचा जिना, गोल गोल, काळोखाचा... माझ्यासाठी नाही म्हणत. मी कुठे येतोय, मी इथेच, शेजारच्या रुकैयाबाई डबा देते म्हणाल्यात. कैवल्यसाठीही नाही. ते माकड आहे, कुठेही चढेल. मग कोणासाठी? — कोणासाठी नाही. म्हातारा माणूस, बोलतो आपलं काहीतरी.

अजान झाली ना ही? मगरिबची? बघ, म्हणता म्हणता अंधारलं. इथे आखातात संध्याकाळ नावाची गोष्टच नाही. नीता, आज कैवल्यला आणायला तूच का नाही गेलीस गं? — नाही, नाही, तुला बोल लावत नाही. तू बुकिंगमध्ये होतीस, गिरीशला म्हणालीस आज तू जा, आणि तो गेला. तो नाही म्हणतच नाही कशाला, तीच त्याची खोड. डिसेंबरला हो म्हणाला, पुलाला हो म्हणाला. उन्हाळ्यानंतर कंपनीच्या बसने जायला लागला, तेव्हा तुला काय म्हणाला — पार्किंग मिळत नाही? हं.

परवा पॅसेजमधला दिवा गेला होता बघ. तू आत डाळीला फोडणी देत होतीस, मी इथेच, ह्या खुर्चीत. आणि तोच आवाज आला. इथल्या भिंती गुळगुळीत, रंग दिलेल्या, तरी तोच. मान वर केली तर गिरीश. तळवा भिंतीला लावून येत होता, आणि वाटेत कैवल्यची सायकल. — हो, तोच गुडघा. टेबल लागलं म्हणाला ना तुला?

मला म्हणाला होता, अण्णा, नीताला इतक्यात नको, तिचं मन आहे प्रागमध्ये, परत आलो की मीच सांगतो. आता अर्धं बोललोच आहे मी. सप्टेंबरात तो पुण्याला गेला होता ना, ऑफिसच्या कामाला? डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. आतला पडदा खराब होत चाललाय म्हणाले. समोरचं दिसतं, बाजूचं जातं — नळीतून बघावं तसं. आणि अंधारात तर काहीच नाही. औषध? नाही म्हणाले. शामदादांना तरी कुठे होतं. चाळिशीत विणायचा माग सुटला त्यांचा, मग ओट्यावर बसून असायचे. गिरीशला भीती वेगळीच आहे. लायसन्स गेलं की साइटचं काम गेलं, काम गेलं की व्हिसा, मग कैवल्यची शाळा. मला म्हणाला, दिसतंय तोवर नीताबरोबर ते दिवे बघून घेतो. दिवेच बघायचेत गं त्याला. आणि दिवेच तेवढे दिसतील, पायाखालचा रस्ता नाही दिसायचा. म्हणून मी आपला म्हणत होतो, मे महिना...

अशी बघू नकोस. नाही, कैवल्यला काही नाही. घरात सगळ्यांनाच होतं असं थोडंच आहे? दादांना झालं, मला कुठे झालं? डॉक्टर एवढंच म्हणाले, मुलाचेही डोळे एकदा — नीता, हे नव्हतं बोलायचं मला. बस जरा. पाणी देऊ?

तुझ्या गाडीची किल्ली? ती काय, फ्रिजवर. जा, तू जा. क्लास सुटायचा असेल अजून, तिथेच उभा असेल तो. म्हणावं थांब, मी येते. त्याची गाडी राहू दे तिथेच, उद्या उजेडात आणता येईल. आणि पोरासमोर काही बोलू नकोस. त्याला म्हणावं, अण्णांच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्यावर रागावू दे त्याला. खुशाल रागावू दे. तुझ्यापासून मात्र त्यानं आता काही — नीता? ऐकतेस ना? चपला तरी घाल गं. अगं, दार —